कोरा राहिलेला रकाना : एका क्वालिटी इंजिनिअरच्या पाच मुलाखती

मुलाखत घेणाऱ्याच्या हातात एक कागद असतो. एकोणीस वर्षं भोसरी-चाकणच्या कारखान्यांत एचआरमध्ये काढल्यावर मला उमेदवारांपेक्षा तो कागदच जास्त आठवतो. आम्ही त्याला 'शीट' म्हणायचो. तांत्रिक माहिती, अनुभव, बोलणं, टिकेल का, पगार, असे पाच रकाने. प्रत्येकाला पाचपैकी गुण, आणि शेवटी 'शेरा'. गुण पटकन पडतात, बहुतेकांना तीन. पंचाईत शेऱ्याची असते. दिवसभरात अकरा मुलं बघून झाल्यावर संध्याकाळी प्लांट हेड विचारतात, "हा कोण हो? चेक्सच्या शर्टातला?" शेऱ्यात जे लिहिलेलं असेल, तेवढाच तो मुलगा तोवर उरलेला असतो.

ही हकीकत शेऱ्याचा रकाना कोरा राहणाऱ्या एका मुलाची आहे. त्याचं नाव देत नाही, कंपन्यांचीही नाही.

एप्रिल २०२५. त्याची मावशी निगडीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. "तुम्ही तेच काम करायचात ना, जरा बघा याच्याकडे," म्हणून तिने त्याला माझ्याकडे पाठवला. मुलगा करमाळा तालुक्यातला, उजनीच्या फुगवट्याकाठचा. डिप्लोमा मेकॅनिकल, २०२१ पास, म्हणजे शेवटच्या परीक्षा घरी बसून ऑनलाइन दिलेल्या. या मुलांना मुलाखतीत हमखास "कोरोना बॅच का?" हा टोमणा ऐकावा लागतो. सप्टेंबर २०२१ ते डिसेंबर २०२३ चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत, मशिनिंग लाइनवर क्वालिटीत होता. मग तेरा महिने गावी. परत आल्यावर चार मुलाखती दिल्या आणि चारही हुकल्या. लॅमिनेट केलेल्या मार्कशीटची फाइल मांडीवर ठेवून तो माझ्या डायनिंग टेबलाशी बसला. मला मॅडम म्हणत होता. तिसऱ्या दिवशी काकू म्हणायला लागला, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून खरं बोलणं निघालं.

आधीच्या चार

पहिली भोसरीत. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" आलं आणि याने यूट्यूबवरून पाठ केलेलं सुरू केलं. मायसेल्फ अमुक, आय बिलाँग टू करमाळा, माय फादर इज फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ, माय हॉबीज आर क्रिकेट अँड लिसनिंग म्युझिक. समोरच्या माणसाने मधेच मराठीत विचारलं, "करमाळ्यात कुठे?" तरी हा म्हणाला, "सर, इट इज नियर जेऊर." पाठांतराची गाडी अशी चालली की माणूस उतरायला विसरतो.

दुसरी रांजणगावात. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारला, ०.०२ मिलिमीटर सांगितला, ठीक. मग सीपीके, म्हणजे मापं ठरलेल्या मर्यादेत किती नेमाने बसतात ते सांगणारा आकडा, विचारला. व्याख्या घडाघडा म्हटली. "तुमच्या लाइनवर किती यायचा?" तिथे गप्प. मी विचारलं, "माहीत नव्हता?" म्हणाला, "माहीत होता. १.१ यायचा. कस्टमरला १.३३ पाहिजे होता. कमी होता म्हणून बोललो नाही."

मी कपाळाला हात लावला. "सर, १.१ होता, १.३३ हवा होता, म्हणून आम्ही शंभर टक्के तपासणी लावली होती," एवढ्या एका वाक्यावर मी त्याला तांत्रिकमध्ये चार दिले असते. आकडा चांगला असावा लागत नाही, स्वतःच्या लाइनचा असावा लागतो.

तिसरीत उणीव विचारली, याने "मी परफेक्शनिस्ट आहे" सांगितलं. यावर वेगळं काही लिहीत नाही.

चौथी खरी लागलेली. या कंपनीने ऑफर दिली आणि दहा दिवसांनी परत घेतली. गावी असलेले महिने दिसू नयेत म्हणून याने बायोडेटात आधीच्या नोकरीची शेवटची तारीख ऑक्टोबर २०२४ टाकली होती. "रूममेटने सांगितलं, कोण बघतंय." बघणारं खातं असतं. जॉइनिंगच्या कागदांत त्यांनी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागितला आणि पीएफचं पासबुक मागितलं. पासबुकात शेवटचं योगदान डिसेंबर २०२३ चं, आणि ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ चालवणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हिस हिस्टरीत नोकरी सोडल्याची तारीखही तीच. एचआरच्या मुलीने फोन करून एवढंच विचारलं, "दोन्हींपैकी बरोबर कुठलं?" याने फोन कट केला.

त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही ऑफर परत घेतली असती. तेरा महिन्यांच्या खंडासाठी नाही. क्वालिटीच्या माणसाने रेकॉर्डमधली तारीख खोडली, यासाठी.

टेबलावरचे पाच दिवस

मी त्याला उत्तरं लिहून दिली नाहीत. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून प्रश्न विचारायचे आणि उत्तर झालं की माझ्या जुन्या सवयीने कागदावर शेरा लिहायचा, एवढंच. पहिल्या दिवशी सात प्रश्नांनंतर मी कागद त्याच्याकडे फिरवला. एकच शेरा होता: "नम्र आहे." तो बराच वेळ त्याकडे बघत बसला.

स्वतःबद्दल सांगा, या प्रश्नावर आम्ही दीड दिवस घालवला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. हा प्रश्न ओळख करून घेण्यासाठी नसतोच. समोरच्याने बायोडेटा नीट वाचलेला नसतो, तो तेवढ्यात वाचून होईपर्यंत तुम्ही बोलायचं असतं. त्यातून त्याला पुढचे तीन प्रश्न मिळतात. म्हणजे पुढे काय विचारलं जावं, हे ठरवायची संधी उमेदवाराला इथेच असते. आई-वडील, छंद आणि गाव यांतून कामाचा एकही प्रश्न निघत नाही.

शेवटी जे उत्तर बसलं ते साधारण असं होतं: "सर, मी डिप्लोमा मेकॅनिकल. सव्वादोन वर्षं चाकणला मशिनिंग लाइनवर क्वालिटीत होतो. पहिले आठ महिने लाइन इन्स्पेक्शन, नंतर कस्टमर कंप्लेंट माझ्याकडे होत्या. पार्ट होता स्टीलची बुश, बोअरला टॉलरन्स पंचवीस मायक्रॉन. डिसेंबर २३ ला वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून नोकरी सोडून गावी गेलो, तेरा महिने तिथे होतो. आता वडील काठी घेऊन चालतात, शेती धाकटा भाऊ बघतो. म्हणून परत आलोय." (बुश म्हणजे शाफ्ट बसतो ती छोटी पोकळ नळी, बोअर म्हणजे तिचं आतलं भोक, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.) पाऊण मिनिटही लागत नाही. यातून समोरचा बोअर विचारेल, कंप्लेंट विचारेल, किंवा गावाचं विचारेल. तिन्हींची तयारी याच्याकडे होती.

खंड आपणच आधी सांगून टाकायचा, हा माझा आग्रह होता. त्याला ते पटत नव्हतं. "विचारलं तर सांगतो ना, काकू." विचारल्यावर सांगितलं की ते कबुलीसारखं ऐकू येतं. शिवाय खंडाच्या प्रश्नामागे पॅनेलला वडिलांच्या तब्येतीची चौकशी करायची नसते. त्यांना भीती असते ती पुन्हा जाण्याची. गावाकडची मुलं ऊसतोडीला, लग्नसराईला, भावकीच्या वादाला चार दिवसांची रजा घेऊन तीन आठवडे येत नाहीत, हे प्रत्येक एचआरने भोगलेलं असतं. त्यामुळे उत्तरातलं वजनदार वाक्य "वडील आजारी होते" हे नाही, "शेती धाकटा भाऊ बघतो" हे आहे. 'टिकेल का' या रकान्यात तेच लिहिलं जातं.

"तेरा महिने काय केलंस मग?" असं मी सहज विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, केळी."

दोन एकर जी-नाइन जातीची केळी. माल आखाती देशांत पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचे लोक बांधावर येऊन घड उतरवायचे, फण्या सोडवून पाण्यात धुवायचे, तेरा किलोच्या बॉक्सात भरायचे. जाडी आणि लांबी बसली नाही, सालीवर चट्टे दिसले, तर फणी बाजूला. बाजूला काढलेला माल लोकल भावाने जायचा. पहिल्या काढणीला फार माल बाजूला पडला आणि व्यापाऱ्याच्या माणसाशी याचं वाजलं. दुसऱ्या काढणीला हा वही घेऊन बसला. प्रत्येक बाजूला काढलेल्या फणीचं कारण: बारीक, चट्टा, कीड, घासलेलं. घासलेल्याच सगळ्यात जास्त निघाल्या. घड प्लॉटातून शेडपर्यंत आणताना एकावर एक रचत होते. तिसऱ्या काढणीला याने मधे फोमच्या पट्ट्या टाकायला लावल्या.

"अरे, हा पॅरेटो आहे," मी म्हणाले. कारणं मोजून सगळ्यात मोठं आधी पकडायचं, ही क्वालिटीतली पद्धत. तो हसला. "केळीचा कसला पॅरेटो?"

इथे माझी चूक झाली. मी हुरळून गेले आणि ही गोष्ट त्याच्याकडून चांगली चार मिनिटांची करून घेतली. मुलाखतीत त्याने ती तीन वाक्यांत आटपली, तेच बरोबर होतं. बुश बनवणाऱ्या माणसांना केळी तीन वाक्यांपुरतीच गोड लागते.

झोप उडालेला दिवस

'तुमची एखादी चूक सांगा' हा प्रश्न आजकाल सगळीकडे विचारतात. कधी 'अवघड प्रसंग सांगा' म्हणून, कधी 'प्रेशर कसं हाताळता' म्हणून. हे काही कोणाच्या डोक्यात सहज आलेलं नाही. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून उत्तरांना ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर मोकळ्या गप्पांपेक्षा निवड चांगली होते, असं संशोधन सांगतं. श्मिट आणि हंटर यांचा १९९८ चा आढावा आमच्या ट्रेनिंगमध्ये दर वेळी दाखवायचे. त्यामुळे घडलेला प्रसंग मागायचा, हे ठरून गेलं. उमेदवारांनीही त्यावर तोड काढली, परिस्थिती-जबाबदारी-कृती-परिणाम असा साचा. साचा वाईट नाही, पण तो भरायला माल लागतो. याच्याकडे साचा होता, माल लपवलेला होता.

मी प्रश्न बदलला. "रात्री झोप लागली नाही असा कामाचा दिवस सांग."

बराच वेळ फाइलचा कोपरा कुरतडत बसला. मग बोलायला लागला. बुशच्या बोअरला प्लग गेज लावायचे, एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो. गो शिरला पाहिजे, नो-गो शिरता कामा नये. गेजवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे गेज बरोबर मोजतो का याच्या तपासणीचं, स्टिकर असतं. त्या गेजची ड्यू डेट उलटून नऊ दिवस झाले होते. याने स्टिकर पाहिलं होतं. पण डिस्पॅच अडकलेला, गाडी गेटवर उभी, सुपरवायझर डोक्यावर. गेज उद्या तपासणीला पाठवू म्हणून चालू ठेवलं. गो साइड झिजली होती. झिजलेला गो बारीक बोअरमध्येही शिरतो, म्हणजे बाद व्हायचे पीस पास होत गेले. ११४० पीस कस्टमरकडे पोचले आणि त्यांच्या असेंब्लीत शाफ्ट बसेना. हा आणि दोन हेल्पर दोन रात्री कस्टमरच्या स्टोअरमध्ये बसून एकेक पीस तपासत होते. २१२ बाद निघाले.

"हे सांगायचं?" तो म्हणाला. "हे सांगितल्यावर कोण घेईल?"

मी विचारलं, नंतर काय केलंस? तर म्हणे, एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, केला. ते सगळेच करतात. आणखी? आणखी म्हणजे, रोज शिफ्ट सुरू होताना गेजची गो साइड मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहायला लावली. आणि पुढच्या पंधरा दिवसांत ड्यू होणाऱ्या गेजचा एक बोर्ड लाइनवर टांगला. "मी असेपर्यंत परत ड्यू उलटलेला गेज लाइनवर दिसला नाही."

हे सांगताना तो सारखं 'आम्ही' म्हणत होता. आम्ही बोर्ड लावला, आम्ही ठरवलं. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, घरात तसंच शिकवतात. पण शीटवर 'आम्ही'ला गुण देता येत नाहीत. मी त्याला एवढंच सांगितलं की स्टिकर पाहून दुर्लक्ष केलं तिथे 'मी' म्हण, मग बोर्ड लावला तिथेही 'मी' म्हणायला जीभ अडणार नाही. सुपरवायझरचं नाव आणायचं नाही, दबाव होता एवढं पुरे. कस्टमर कोण हेही बोलायचं नाही, विचारलं तरी. जुन्या कंपनीची बातमी इथे फोडणारा इथली बातमी पुढे फोडतो, असं समोरचा मनात धरतो.

बाकीचे प्रश्न भराभर झाले. उणीव: इंग्रजी मेल लिहायला वेळ लागतो, म्हणून जुन्या रिपोर्टांचे मसुदे जपून ठेवलेत आणि रोज एक मेल लिहून पाहतो. हे खरंही होतं आणि लाइनवरच्या कामाच्या आड येणारंही नव्हतं. पाच वर्षांनी कुठे: आधी कोणीतरी त्याला "तुमच्या खुर्चीत" असं सांगायला शिकवलं होतं. ते काढून टाकलं आणि आयएटीएफ १६९४९ चा, म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या मानकाचा, इंटर्नल ऑडिटर व्हायचंय हे ठेवलं. ते त्याला खरंच व्हायचं होतं. भाषेचं म्हणाल, तर समोरचा ज्या भाषेत विचारेल तिच्यात उत्तर. चाकणच्या लाइनी मराठी-हिंदीवरच चालतात. फक्त हिंदीचा सराव मी मुद्दाम करून घेतला, कारण प्लांट हेड कुठलाही असू शकतो.

पाचवी

मे महिन्यात, तळेगावकडे. पॅनेलमध्ये तिघं: क्वालिटी हेड, प्रॉडक्शनचे एक जण, एचआरच्या मॅडम. क्वालिटी हेड तामिळ होते, सगळं हिंदीत चाललं. त्याने नंतर फोनवर शब्द न् शब्द सांगितलं.

ओळखीतून त्यांनी बोअर उचलला. सीपीके विचारला, याने १.१ सांगितला. "कम है," ते म्हणाले. "हां सर, कम था, इसलिए हंड्रेड परसेंट चेकिंग लगाया था." मग चूक. याने गेजची गोष्ट सांगितली. प्रॉडक्शनवाले मधेच म्हणाले, "गाडी गेट पे खड़ी है, मैं बोल रहा हूँ भेज दो. आज क्या करोगे?" हा प्रश्न आमच्या सरावात नव्हता. याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "सर, गेज मायक्रोमीटर से चेक करूँगा, दो मिनट लगते हैं. ठीक निकला तो रिकॉर्ड में लिख के आपका साइन लूँगा. नहीं निकला तो गाड़ी रुकेगी." क्वालिटी हेडनी तेव्हा कागदावर काहीतरी लिहिलं, असं त्याने मला आवर्जून सांगितलं. आता त्यालाही कागद दिसायला लागला होता.

'कुछ पूछना है?' यावर बहुतेक मुलं "नो सर, थँक यू सर" म्हणून उठतात. सुट्ट्या किती, बस कुठून सुटते, हे विचारायला हरकत नसते, पण ते एचआरला, नंतर. याने विचारलं, "पिछले महीने सबसे ज्यादा रिजेक्शन कौन से पार्ट में था?" दोघं एकमेकांकडे बघून हसले. मग क्वालिटी हेड त्याला खाली शॉप फ्लोअरवर घेऊन गेले आणि तो पार्ट हातात दिला. वीस मिनिटं तिथेच उभे होते.

एचआरच्या मॅडमनी खंडाचं विचारलं तेव्हा याने फाइलमधून पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीचा प्रिंट काढून स्वतःच पुढे ठेवला. ही कल्पना त्याची, माझी नाही.

मग पगार. आणि इथे मी त्याचं नुकसान केलं. 'कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या' असं म्हणायचं नाही, हे मी बजावलं होतं. खुर्चीत असताना हे वाक्य मला फार आवडायचं, कारण ते म्हणणाऱ्याला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवता येतं. त्याऐवजी मी त्याला पल्ला सांगायला शिकवला: तीन-वीस ते तीन-साठ, म्हणजे वर्षाला तीन लाख वीस हजार ते तीन लाख साठ हजार. त्याने तसंच सांगितलं. एचआरने पल्ल्यातला खालचा आकडा ऐकला. मीही एकोणीस वर्षं तेच करत आले होते, मग हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. ऑफर आली वर्षाला ३ लाख २४ हजार सीटीसीची, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाची.

संध्याकाळी फोन. "काकू, महिन्याला सत्तावीस हजार ना?" मी म्हटलं, कागद घे. बेसिक १४ हजार. त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ, १६८०, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ६७३, तीही त्यातच. म्हणजे पगाराच्या पावतीवर २४,६४७. त्यातून तुझा पीएफ पुन्हा १६८०, व्यवसाय कर २००. हातात २२,७६७. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० कापतात. कँटीन आणि बस वेगळी.

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "आधीच्यापेक्षा जास्तच आहे तसं."

जूनमध्ये रुजू झाला. एचआरने पडताळणी केली, तारखा जुळल्या, कोणाचा फोन आला नाही. येत्या एप्रिलमध्ये त्याचं पहिलं अप्रेझल आहे. पल्ला नाही, एकच आकडा सांगायचा, एवढं आमचं ठरलंय. कुठला, यावर रोज वाद चालू आहे. तो तीन-साठ म्हणतो, मी तीन-पंचाहत्तर.